सोमवार ते शुक्रवार चमचा

आमच्या घरात चमच्यानं जेवणारी एकटी आई होती, आणि तीसुद्धा फक्त सोमवार ते शुक्रवार. शुक्रवारी संध्याकाळी ती कामावरून आली की चमचा घासूनपुसून खणात जायचा, आणि मग आई आमटीभात असा कालवायची की बघणाऱ्याला वाटावं, या बाईला पाच दिवस कोणी उपाशी ठेवलं होतं की काय. शनिवार-रविवार तिचे हात, मनगटं, सगळं जेवणात. रविवारी जेवण आटोपलं की मात्र ती लिंबाची फोड घेऊन बेसिनपाशी उभी राहायची आणि एकेक नख घासघासून पांढरं करायची. बाबा तिला 'मॅडम' म्हणायचे. "मॅडमचा काटा कुठाय? सुरी आणू का?" आई आपली चमच्यानं भात खात राहायची. चमचा साधाच होता, स्टीलचा, तिच्या लग्नात आलेला, दांड्यावर ठिपक्याठिपक्यांनी 'सौ. कुसुम' असं नाव घातलेला. एवढ्याशा दांड्यावर ते नाव कसं बसवलं असेल त्या नाव घालणाऱ्यानं, याचं मला लहानपणी फार कौतुक होतं.

हे सगळं कॅलिफोर्नियातल्या सनीव्हेलमध्ये. आज मी त्याच गावात राहते, पण आमच्या त्या घराच्या कुंपणापलीकडे आता चार मजली अपार्टमेंट आहेत आणि सकाळी कोपऱ्यावर कंपन्यांच्या शटल बसला रांग लागते. तेव्हा, म्हणजे साठच्या दशकात, कुंपणापलीकडे जर्दाळूची बाग होती. उन्हाळ्यात फळं डबाबंद करणाऱ्या कारखान्याची भट्टी पेटली की सगळ्या रस्त्यावर शिजत्या जर्दाळूचा गोड वास भरून राहायचा, इतका की आईची फोडणीसुद्धा त्याच्यापुढे हरायची. पहिल्याच वर्षी आईनं कच्च्या हिरव्या जर्दाळूत कैरी ओळखली. मळेवाल्याला विचारून ती पिशवीभर झडलेली जर्दाळू घेऊन आली आणि सांगलीहून बॅगेत आणलेली हळद, मोहरी, हिंग घालून तिनं असं लोणचं घातलं की बाबा दोन दिवस देश सोडल्याचं दुःख विसरले. ते लोणचं नीट लक्षात ठेवा. पुढे त्यानं एक अख्खा कारखाना वेठीला धरला.

बाबा ज्या कंपनीत इंजिनियर होते तिथं रेडिओच्या पोटात बसणारे ट्रान्झिस्टर बनायचे. टाचणीच्या डोक्याएवढा तुकडा, त्याला केसाहून बारीक सोन्याची तार जोडायची, मायक्रोस्कोपमध्ये बघून, हातात चिमटा आणि पायाखाली पेडल. हे काम करणाऱ्या सगळ्या बायका. एका संध्याकाळी बाबा म्हणाले, स्थिर हाताच्या बायकाच मिळत नाहीत. आई उठली, आतून मण्यांची महिरप घेऊन आली आणि त्यांच्या ताटाभोवती मांडली. मोहरीएवढे मणी, त्यात मोर, आणि मोराच्या पिसात डोळे. दुसऱ्या आठवड्यात आई कंपनीत होती.

पहिल्या महिन्यात तिला काढून टाकायची वेळ आली होती. सकाळचं काम चोख, आणि दुपारी जोडलेल्या तारा मात्र जरा ओढून बघितल्या की निघून यायच्या. आईनं कोणाला न विचारता शोध लावला. डब्यातली भाजी-पोळी हातानं खाल्ली की साबणानं कितीही धुतलं तरी तेल-हळदीचा अंश बोटांवर राहतो, बोटांवरून चिमट्यावर जातो, चिमट्यावरून त्या तुकड्यावर. डोळ्यांना काही दिसत नाही, पण सोनं चिकटायचं नाव घेत नाही. दुसऱ्या दिवसापासून चमचा. भांडी पुसता पुसता तिनं हे मला एकटीला सांगितलं, आणि वर म्हणाली, "कोणाला बोलू नकोस हं शैले. बाबांनासुद्धा नाही. ते तिथं जाऊन विनोद म्हणून सांगतील, आणि मग त्या बायका माझ्या हातांकडे बघत बसतील."

त्या नोकरीनं आई बदलली. त्याआधीची दोन वर्षं ती खिडकीशी बसून असायची आणि मी शाळेतून आले की माझ्याशी इतकं बोलायची की मला पळून जावंसं वाटायचं. आता ती गाडी चालवायला शिकली, गाडीला शिव्या द्यायला शिकली, आणि जेवताना बाबांचं बोलणं तोडून स्वतःच्या लाइनवरच्या गोष्टी सांगायला लागली. लाइन म्हणजे त्या बायकांची रांग. आई हसायची. मला पंधराव्या वर्षी दुसरं काही कळत नसलं तरी एवढं कळत होतं की हे हसणं त्या लाइनवरून येतं.

आणि एका बुधवारी बाबांनी मिठाची बरणी ताटासमोर आणून ठेवली. बाबांना जगाची काहीही गोष्ट सांगायची असली की ते मिठाची बरणी हलवायचे. "हा कोरिया," ते म्हणाले. ते नुकतेच तिथून आले होते. डोंगरांवर झाड नाही, युद्धात सगळं जळालं, ते अजून उगवतंय. पण लोक काय उठलेत! कंपनीच्या तिकडच्या नव्या कारखान्याचा पाया खणायच्या आत फाटकाशी मुलींची रांग. "कालपर्यंत भात लावणारे हात कुसुम, उद्या ट्रान्झिस्टर जोडणार. शेतातून डायरेक्ट इलेक्ट्रॉनिक्स! देश असा उभा राहतो."

"छान," आई म्हणाली. "आणि मी जोडते ते कोण जोडणार?"

बाबांनी बरणी जागेवर नेऊन ठेवली. त्या दिवशी आमटीत मीठ कमी होतं, तरी कोणी मागितलं नाही.

ठरलं होतं ते असं. कोरियातून सहा मुली दोन महिने शिकायला येणार, लाइनवरच्या सहा हुशार बायका त्यांना शिकवणार, मुली परत जाऊन तिकडच्या बायकांना शिकवणार, आणि वर्षअखेरीला इथली लाइन बंद. मुली तयार झाल्या नाहीत तर कारखाना पुढे ढकलला जाणार होता, हे बाबा बोलता बोलता बोलून गेले आणि माझ्या कानांनी ते बरोबर टिपलं. सहा हुशार बायकांत आई पहिली. शिवाय मुलींना राहायला घरं हवी होती, तर बाबांनी हात वर केला. माझ्या खोलीत दुसरी कॉट आली.

त्या सहांपैकी सुनजा आमच्या वाट्याला आली, ती दोन फ्रॉक आणि वाळलेल्या समुद्री शेवाळाची एक मोठी थप्पी घेऊन. एकोणीस-वीस वर्षांची असेल, मानेपर्यंत कापलेले केस, आणि इंग्रजी माझ्या आईइतकंच, म्हणजे क्रियापदांना फारसं न विचारणारं. त्यामुळे दोघींचं पहिल्या दिवसापासून जमलं. आईनं ते शेवाळ तव्यावर तूप सोडून भाजलं आणि बाबांना पापड म्हणून वाढलं. बाबांनी तीन खाल्ले. सुनजानं आमटी पहिल्यांदा प्यायली तेव्हा तिच्या डोळ्यांत पाणी आलं आणि तिनं वाटी पुढे केली, "मोअर, आँटी."

ती ट्रान्झिस्टरच्या आधी केसांच्या टोपांच्या कारखान्यात होती. टोप तिकडे बनायचे आणि इकडे विकले जायचे. एकेक केस सुईनं जाळीत ओवून गाठ मारायची, दिवसभर. "आधी आई भात लावायची," ती आम्हाला सांगायची, "मग आईनं केस विकले. मग मी केस विणले. आता सोनं." हे ती अशा थाटात सांगायची की जणू घराण्याची बढतीच झाली आहे. आमच्या शेजारच्या म्हाताऱ्या बाई मोठा फुगीर टोप घालायच्या. एकदा त्या कुंपणाशी आईशी बोलत असताना सुनजा हळूच त्यांच्या मागे गेली आणि मानेजवळची टोपाची कड तिनं दोन बोटांनी उचलून आत वाकून पाहिलं. बाई किंचाळल्या. सुनजा शांतपणे म्हणाली, "माझी गाठ नाही. माझी घट्ट असते." आई हसून हसून कुंपणाला धरून खाली बसली.

मला ती आवडायला लागली होती, हीच माझी अडचण होती. आवडणारी माणसं आपल्या आईची नोकरी घेऊन जात नाहीत, असा माझा समज होता. मग मी विचार केला, आणि मी विचार केला की काहीतरी वाईट सुचतं, हे आमच्या घरी सर्वमान्य होतं.

सकाळी दोघींचे डबे भरायचं काम माझ्याकडे होतं. एका यंत्रावर दोघी काम करायच्या, यंत्र रिकामं ठेवायचं नाही, म्हणून सुनजा आधी जेवायची आणि आई तिच्यानंतर. दोघी एकमेकींना जेवताना कधी बघत नसत. एका सोमवारी मी सुनजाच्या डब्यातला चमचा काढून घेतला आणि तिला अत्यंत गंभीर चेहऱ्यानं सांगितलं की आमच्याकडे घरी चमचा चालतो, पण डब्यातलं अन्न हातानंच खायचं असतं. डब्यात चमचा वाजला की आमची अन्नाची देवी अन्नपूर्णा रुसते आणि डबा करणाऱ्या बाईला पाप लागतं. सुनजानं डोळे मोठे केले. "आँटीला?" "आँटीला," मी म्हणाले. आणि पोळीच्या पोटात मी जर्दाळूच्या लोणच्याच्या दोन फोडी दाबल्या, वर चमचाभर तेल.

पूर्वी सुनजाचं काम सकाळ-दुपार सारखं होतं. त्या आठवड्यात दुपारच्या तारा निघायला लागल्या. सुपरवायझर डोरोथी म्हणाली, मुलगी जेवली की सुस्तावते. सुनजा जागी राहावी म्हणून उभ्यानं जेवायला लागली. तिनं डोळे तपासून घेतले. आई संध्याकाळी तिला ओट्याशी बसवून मोहरीचे दाणे चिमट्यानं वेचायला लावायची, आणि सुनजा एकही न सांडता वेचायची. आईला काही कळेना. हातानं जेवणाऱ्या माणसाबद्दलच तिला तेल-हळदीची शंका आली असती, आणि कोरियाची मुलगी डबा हातानं खात असेल हे आईच्या स्वप्नातही नव्हतं. मी मात्र रोज सकाळी लोणचं भरत होते. मागच्या आठवड्यात माझी नात अनिका हे ऐकून टाळ्या पिटत म्हणाली, "आजी, यू सॅबोटाज्ड अ फॅक्टरी विथ लोणचं? दॅट इज आयकॉनिक!" तिला मी म्हटलं, बाळ, पूर्ण ऐक, मग टाळ्या पीट.

दुसऱ्या आठवड्यात गुरुवारी डोरोथीनं सांगितलं, उद्याही असंच झालं तर सुनजाला परत पाठवावं लागेल आणि बाकीच्यांचंही बघावं लागेल. संध्याकाळी सुनजा माझ्या कॉटवर येऊन बसली. परत गेली तर टोपांच्या कारखान्यातली जागा आता दुसरीला दिली आहे, ती म्हणाली. तिला बसवर पोचवायला सगळी गल्ली आली होती. मास्तरांनी भाषण केलं होतं. ती आता कुठल्या तोंडानं उतरणार? मग तिनं माझा हात धरला आणि म्हणाली, "पण तुझा डबा फार चांगला असतो, शैला. दुपारी मी तो उघडते आणि मला वाटतं, इथं माझं कोणीतरी आहे."

इथं एखादी चांगली मुलगी रडून सगळं सांगून मोकळी झाली असती. मी दुसऱ्या दिवशी सकाळी डबा भरला, आणि लोणचं घातलं. एकच फोड घातली, एवढंच काय ते माझ्या बाजूनं. मला अजून त्या सकाळची लाज वाटते.

पुढचं मी पाहिलेलं नाही, दोघींकडून वेगवेगळं ऐकलं आहे. शुक्रवारी दुपारी सुनजा जेवून आली, तिनं काम सुरू केलं आणि पहिलीच तार निघाली. आईनं तिला उठवलं आणि स्वतः मायक्रोस्कोपला डोळा लावला. चिमट्याच्या टोकावर एक पिवळा ठिपका होता. मायक्रोस्कोपखाली हळदीचा कण भोपळ्याएवढा दिसतो. आईनं सुनजाचा उजवा हात धरला आणि नाकाशी नेला. हिंग, मोहरी, जर्दाळू. स्वतःच्या हातचं लोणचं तिनं ओळखलं नसतं तरच नवल. "डबा कशानं खाल्लास?" सुनजानं प्रामाणिकपणे अन्नपूर्णेची सगळी कथा सांगितली.

"खरं सांगते," आई पुढे कितीतरी वर्षांनी मला म्हणाली, "मी दहा मिनिटं गप्प बसले. डोरोथी पलीकडच्या टेबलाशी होती. मी गप्प राहिले असते तर लाइन राहिली असती कदाचित. मला लाइन हवी होती गं. फार हवी होती." ती दहा मिनिटं सुनजा तिच्याकडे बघत उभी होती. मग आई उठली आणि डोरोथीकडे गेली. आपल्या मोडक्या इंग्रजीत तिनं सगळ्या बायकांसमोर सांगितलं की आम्ही हातानं जेवतो, आमच्या जेवणात हळद असते, ती साबणानं जात नाही, माझ्याही तारा पहिल्या महिन्यात निघायच्या, आणि म्हणून मी तीन वर्षं चमच्यानं जेवते आहे. मुलीचा दोष नाही. दोष आमच्या घराचा. कोणीही हसलं नाही. डोरोथी एवढंच म्हणाली, "तीन वर्षं तू हे कोणालाच बोलली नाहीस?"

त्या संध्याकाळी आई घरात शिरली ती थेट माझ्यासमोर येऊन उभी राहिली. "काय गं, अन्नपूर्णा रुसते का?" मी जमिनीकडे बघितलं. मला वाटलं, मारेल. तिनं मारलं नाही. तिनं सुनजाला हाक मारली आणि मला म्हणाली, "सांग. तुझ्या तोंडानं सांग." मी सांगितलं. लोणचं, तेल, चमचा, देवी, आणि का केलं तेही. बाबा दारात येऊन उभे राहिले होते, त्यांना चमच्याची गोष्ट पहिल्यांदाच कळत होती आणि 'मॅडम' म्हणून केलेली प्रत्येक चेष्टा त्यांना आठवत असावी, असा त्यांचा चेहरा झाला होता. सुनजानं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "तू तुझ्या आईसाठी केलंस. मीपण केलं असतं. पण शैला, मलापण आई आहे." इतकं बोलून ती मोहरी वेचायला ओट्याशी जाऊन बसली, आणि मी मोरीत जाऊन पोटभर रडले.

सोमवारी डबे आईनं स्वतः भरले. आपला चमचा, तो 'सौ. कुसुम' वाला, तिनं सुनजाच्या डब्यात ठेवला. स्वतःला कुठलातरी बाजारचा चमचा घेतला. उरलेल्या दिवसांत तिनं सुनजाला जे जे येत होतं ते सगळं शिकवलं. तार लावताना श्वास सोडायचा, घ्यायचा नाही. पेडलवर टाच टेकायची, चवडा नाही. सकाळी कॉफी प्यायची नाही, हात कापतात. जेवल्यावर लिंबू. बाबा एकदा न राहवून म्हणाले, "कुसुम, अगं तू तुझीच लाइन स्वतःच्या हातानं पॅक करून देते आहेस." आई म्हणाली, "मग काय वाईट शिकवू? माझं नाव लागतंय त्याला."

सुनजा गेली तेव्हा चमचा तिच्याबरोबर गेला. तिनं तो परत करायला काढला होता, आईनं तिची मूठ मिटवली. पुढे दर नव्या वर्षाला तिचं कार्ड यायचं, लग्न, मुलं, सुपरवायझर झाले, आणि शेवटी न चुकता, 'चमचा मजेत आहे.' आई ते वाक्य आम्हाला मोठ्यानं वाचून दाखवायची. एका वर्षी कार्डात लिहिलं होतं की आता त्यांचीही लाइन बंद होणार, काम दुसऱ्या देशात चाललं आहे, तिथल्या मुली शिकायला आल्यात आणि त्यांच्यातल्या एकीला मी घरी ठेवून घेतलं आहे. 'मुलगी हुशार आहे. तिचा डबा मी स्वतः भरते.' ते वाचून आई माझ्याकडे बघून इतकी हसली की मला चाळिशीतसुद्धा लाजायला झालं.

इथली लाइन ठरल्याप्रमाणे एका शुक्रवारी बंद झाली. बायकांनी केक कापला, डोरोथी रडली, आई आपली खुर्चीवरची उशी आणि लिंबाची डबी पिशवीत घालून घरी आली. शनिवार-रविवार नेहमीसारखे गेले. रविवारी जेवणं झाल्यावर मी सवयीनं लिंबाची फोड कापून बेसिनवर ठेवली. सकाळी पाहिलं तर ती तशीच, वाळून कडा वर आलेल्या.

सोमवारी मी शाळेतून आले तेव्हा आई टेबलाशी एकटी जेवत होती. दुपारचे तीन वाजून गेले होते. आमटीभात, आणि वर जर्दाळूचं लोणचं. हातानं. मी दप्तर न काढताच समोर बसले. आईनं एक मोठा घास तोंडात घातला, बोटं चाटली आणि म्हणाली, "वाढ अजून एक फोड. आता कोणाच्या बापाची भीती आहे?" मी वाढली. ती हसली, मीही हसले, आणि हसता हसता तिचे डोळे भरून आले, ते तिनं डाव्या मनगटानं पुसले. जेवण संपलं. ती उठली नाही. पिवळी बोटं ताटावर तशीच धरून कुंपणापलीकडच्या बागेकडे बघत बसून राहिली. बोटांवरचा भात वाळायला लागला, तरी हात धुवायची तिला काहीच घाई नव्हती.